निराधारचा पगार

मंगळवार, रात्री

आज पुन्हा तहसीलला जाऊन आले. निराधारचं टेबल पहिल्या मजल्यावर. खाली रॅम्प आहे, तो जिन्यापर्यंत आणून सोडतो. पुढचं आपलं आपण बघायचं.

ऑक्टोबर 2025 पासून संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला दीड हजाराचे अडीच हजार झाले. या मदतीलाच आम्ही पगार म्हणतो. गल्लीत आनंदीआनंद. माझा वाढीव पगार जेमतेम सुरू झाला आणि बंदच पडला. आधी वाटलं, आधारचं काही बिनसलं असेल, कारण पैसे आता डीबीटीने, म्हणजे आधारला जोडलेल्या बँक खात्यात थेट येतात. बँकेत सगळं ठीक निघालं. मग कळलं, यादीत माझ्या नावापुढे शेरा आहे: उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

मर्यादा वर्षाला 50 हजार. मी पिको-फॉल करते. लग्नसराईत चार साड्या जास्त येतात, एरवी मशीन झाकलेलंच. शेऱ्यातलं उत्पन्न भावाचं आहे. तो कधीच वेगळा झालाय, रेशनकार्डही वेगळं आहे. त्याची झेरॉक्स मी दिली होती, पोच माझ्याकडे आहे. तरी जुन्या कार्डावरून त्याची कमाई माझ्या नावावर चढली! भाऊ वाईट नाही. पण हातात पाचशेची नोट ठेवताना आधी वहिनीकडे बघतो, ते मला दिसतं.

किराणा उधारीवर चाललाय. दुकानदारकाका बोलत काहीच नाहीत, फक्त हल्ली लिहून झालं की वही माझ्याकडे फिरवून दाखवतात. पूर्वी दाखवत नव्हते. तूरडाळीच्या जागी मसूर आलीय. आई म्हणते, मसूर पचायला हलकी. ती असं म्हणते ना, तेव्हा जास्त राग येतो.

कुबडीचं खालचं रबर झिजून नळी फरशीला लागतेय. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर तार आवळलीय. कोरड्यात चालतं, ओल्या फरशीवर तार किरकिरते आणि कुबडी सरकते. नवं रबर काही फार महाग नाही. पण अशाच गोष्टी पुढच्या महिन्यावर जातात. आईच्या बीपीच्या गोळ्या तशा ढकलता येत नाहीत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 24 आहे. दिव्यांगांची मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान 25 टक्के जास्त हवी, असं त्यात लिहिलंय. आज टेबलावर ते बोलून दाखवलं. क्लार्क म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता." कौतुक की टोमणा, देव जाणे.

पगार बंद करताना ना कोणी चौकशीला आलं, ना नोटीस. आता सुरू करायचा तर उत्पन्नाचा नवा दाखला, रेशनकार्ड, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), हयातीचा दाखला, सगळं माझ्याच पायांनी गोळा करायचं. चूक त्यांची, हेलपाटे माझे.

उद्या आधी दाखल्यासाठी सेतू केंद्रात जाते. मग माहिती अधिकाराचा अर्ज. प्रश्न एकच: कोणाचं उत्पन्न धरून माझं नाव काढलं? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना तो माफ आहे, पण माझं कार्ड केशरी.