तुम्ही विचारलेत म्हणून: पदर मोकळा का सोडता?

चेहरा इतक्या बारकाईने करता आणि कपडे पाच-सहा रेषांत का उरकता, हा प्रश्न माझी पेन्सिलीची व्यक्तिचित्रे पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि त्यात ‘काम राहिले आहे’ हे गृहीतच धरलेले असते. काम राहिलेले नसते. ही रीत फ्रेंच चित्रकार अँग्रची. 1815मध्ये नेपोलियनची सत्ता कोसळली आणि रोममधले त्याचे फ्रेंच आश्रयदाते पांगले, तेव्हा तिथे येणाऱ्या इंग्रज प्रवाशांची अशी चित्रे काढून त्याने घर चालवले. इतिहासचित्रकार म्हणवून घेणाऱ्या त्याला हे काम कमीपणाचे वाटे. तरीही 1819चे त्याचे व्हायोलिनवादक पागानीनीचे चित्र पाहावे, जेमतेम छायेत चेहरा उभा राहतो आणि कोट मोकळ्या रेषांवर सुटतो. त्या रेषेमागे ग्रीक कुंभांवरची चित्रे आहेत, आणि इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने होमरच्या काव्यांवर केलेली, 1793मध्ये रोमला छापली गेलेली, जवळजवळ छायेविना रेखाटने आहेत.

एका गृहस्थांनी आईचे चित्र सांगितले होते. बाई पैठणी नेसून बसल्या. डोळ्यांखालची सैल त्वचा, मिटलेल्या ओठांचा किंचित डावीकडे झुकलेला कोपरा, सगळे मनासारखे उतरले. पदर मी खांद्यावरून चार रेषांत खाली सोडला. मुलगा म्हणाला, ‘सर, पदर भरून द्या, मग घेऊन जातो.’ मी नकार दिला. बराच वेळ गप्प असलेल्या बाई मग म्हणाल्या, ‘दर महिन्याच्या पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून घेतली हो ही. मोर नसतील तर कुणाचीही साडी.’ शेवटी त्यांनी चित्र तसेच नेले आणि दुसऱ्याकडून मोर भरून घेतले. पुढे त्यांच्या दिवाणखान्यात ते पाहिले, तेव्हा चेहरा पदरामागे गेला होता, आणि बाई मला कौतुकाने एकेक मोर दाखवत होत्या.

विद्यार्थी असताना प्लास्टरच्या ग्रीक मस्तकांवरून हात बसवणारा मी याला ठामपणे उत्तर दिले असते: वस्त्र प्रसंगाचे, चेहरा माणसाचा; ग्रीक कलेचा जर्मन अभ्यासक विंकलमानने 1755मध्ये वाखाणलेला उदात्त साधेपणा तो हाच. पण ती मस्तके पांढरी होती, मूळ ग्रीक शिल्पे पांढरी नव्हती. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर सापडलेल्या, पेप्लॉस कोरे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुणीच्या वस्त्रावर रंगीत नक्षीच्या खुणा आजही आहेत. म्हणजे ज्यांच्या नावाने मी पदर मोकळा सोडतो, त्यांनी मोर बहुधा भरलेच असते.

आणि अँग्रही तसा सोयीचा साक्षीदार नाही. त्याने रेषा मोजक्या ठेवल्या, तरी टोपीची झालर आणि कोटाची कॉलर त्या माणसाचीच असे. ग्रीक झगे त्याने या प्रवाशांना चढवले नाहीत. माझ्या चार रेषा पैठणीच्या होत्या की नुसत्या कापडाच्या, यावर त्या बाईंशी वाद घालायची माझी अजून तयारी नाही. पदर मात्र मी मोकळाच सोडतो. मोर भरायला घेतले की माझी नजर ओठांच्या त्या कोपऱ्यावर टिकत नाही, आणि या कारणाचा ग्रीकांशी काही संबंध नाही.