आकडा कुठे आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. लग्नाच्या पंगतीत, दहाव्याला नदीवर, चहाच्या टपरीवर, सगळीकडे हाच प्रश्न: "भाऊ, वाचनकेंद्राले दर महिन्याले पैसे देतात तुम्ही, मग किती पोरं वाचायला लागली याचा आकडा का नाही मागत?"

तुम्हाला वाटतं आम्ही भोळे. तीस वर्षं जिनिंगवर कापूस मोजून घेतलाय मी. ओलावा दाखवून कट्टी कापलीय, शेतकऱ्याच्या तोंडावर. आकड्यांचं वावडं असतं तर ज्या मुदत ठेवीच्या व्याजावर हा ट्रस्ट चालतो, ती ठेवच झाली नसती.

उलट वेड आम्हालाच होतं. मायच्या नावानं ट्रस्ट काढला तेव्हा पत्रकाच्या पहिल्याच ओळीत छापलं होतं: २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के, नंदुरबारची ६४. माय अंगठा लावायची. कार्यक्रमात एखादा पाहुणा हमखास म्हणणार, "बहिणाबाईंना तरी कुठे वाचता येत होतं?" घरातल्या शिकलेल्या पोरांनी त्यांच्या ओव्या कागदावर उतरवल्या नसत्या तर जळगावाबाहेर त्या कुणाला कळल्या असत्या, हे त्याला कोण सांगणार. असो.

तर तिसऱ्या वर्षाची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी दोन पाड्यांवर आमची केंद्रं. प्रत्येक ठिकाणी बारावी झालेली एक मुलगी. मानधन तीन हजार, पुस्तकं वेगळी. खेड्यापाड्यांतली पोरं किती शिकली ते बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत असते तशी तपासणी आम्हीही ठेवली: मुलाला अक्षर येतं, शब्द येतो, उतारा येतो की पूर्ण गोष्ट. घ्यायची फेब्रुवारीत, कारण करसवलत टिकवायची तर ट्रस्टच्या उत्पन्नातले ८५ टक्के साधारणपणे त्याच वर्षी खर्ची पडावे लागतात आणि सीएचा फोन मार्चच्या आधीच सुरू होतो. आम्ही दोघींना सांगून ठेवलं होतं की आकडा वाढला तर केंद्र वाढवू.

पहिल्या पाड्यावरून वहीचं फाडलेलं पान आलं. पेन्सिलनं आखलेले रकाने, एक रकाना तिरका गेलेला. गोष्ट वाचणारी मुलं आदल्या वर्षी ११, यंदा ४. खाली बारीक अक्षरात: 'बाकीचे कोयत्यावर.' दुसऱ्या पाड्यावरून छापील कागद आला: २२ पैकी १९.

ती खालची ओळ मी वाचली नव्हती असं म्हणायला बरं वाटेल. पण वाचली होती. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली घरं ट्रकात बसून उसाला जातात, पोरंही सोबत जातात, होळीच्या तोंडावर भोंगऱ्याच्या बाजाराला जमलं तर परततात. ते ट्रक आमच्या जिनिंगसमोरूनच जायचे. फेब्रुवारीत पाड्यावर उरतात ती म्हाताऱ्यांजवळ ठेवलेली लहानगी. त्यांतली चार गोष्ट वाचत होती! हे मला सुचायला हवं होतं. मी बैठकीत म्हणालो, "कारणं सगळ्यांकडेच असतात." इतिवृत्तात ते वाक्य नाही. मला आठवतं, कारण धाकटा भाऊ हसला होता.

फोन मीच केला. एप्रिलपासून मानधन बंद, असं सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, "मनं काय चुकनं, भाऊ?" मी म्हणालो, नियम आहे.

जूनमध्ये दुसऱ्या पाड्यावर गेलो, पेढे घेऊन. आठ-नऊ वर्षांची एक पोरगी उभी राहिली आणि ससा-कासवाची गोष्ट घडाघडा वाचू लागली. पुस्तक माझ्या हातात होतं. पान उलटताना चुकून दोन पानं एकदम उलटली गेली. पोरगी थांबलीच नाही. कासव झाडाखालून पुढे गेलं, शर्यत संपली, आणि पानावर चित्र भलत्याच गोष्टीतल्या विहिरीचं.

मी त्या ताईवर संतापलो. परतीच्या वाटेवर, चोपडा येईपर्यंत, संताप ओसरला. आम्ही आकडा मागितला, तिनं आकडा दिला. तिनं फसवलं का? फसवलं. तिचं केंद्र बंद केलं का? नाही, अजून चालू आहे. हेही विचारलं जातंच, म्हणून सांगून टाकतो.

पहिल्या ताईकडे गेलो तेव्हा दिवाळी उलटली होती. भावजय बाळंतीण, आणि कोयता म्हणजे दोघांची जोडी. म्हणून ही भावाबरोबर गेली होती. पुस्तकांची पेटी तिच्या आजीनं खाटेखाली सरकवून ठेवलेली, वर तुरीचं पोतं. होळीनंतर ती परत आली. मी माफी मागितली की नाही, तेही मला नीट सांगता येत नाही; मानधन पुन्हा सुरू करतो म्हणालो, मागचं बुडालेलं देतो म्हणालो. तिनं वही काढली, रकाने आखले आणि पेन्सिल धरून विचारलं, "यंदा किती लिहू?"

त्या दिवशी तो रकाना मी खोडला. आता ती कोण आलं, कोणतं पुस्तक घरी नेलं आणि कोण उसाला गेलं, एवढंच लिहिते.

धाकटा म्हणतो, ही देणगी नाही, खिरापत आहे. एखादी ताई महिनाभर पोरांना नुसती बसवून ठेवत असेल तर तुला कळेल का? नाही कळणार. दोनदा अचानक गेलो. एकदा केंद्राला कुलूप होतं, एकदा चार पोरं पुस्तकावरून भांडत होती. यावरून काय ठरवायचं? अभ्यासिका मागणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंही ऐकवतात, आमच्या निवडीचा आकडा तरी छापता येईल तुम्हाला. खरं आहे त्यांचं.

मार्चची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. धाकटा येणार आहे, तोच प्रश्न घेऊन. मी तिची वही नेणार आहे. रकाने अजून तिरकेच जातात.