पोळी बंद झाल्यापासूनचा पहिला उन्हाळा

ही 2025 च्या पाडव्यापासूनची नोंद, ज्यांच्या घरी गहू बंद आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी थेट सांदणावर उडी मारली तरी चालेल.

मागची हकीकत थोडक्यात. जानेवारीत बायकोला सीलिअ‍ॅकचं निदान झालं, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे चिकट प्रथिन आतड्याला न सोसण्याचा आजार. रक्ततपासणी, मग एंडोस्कोपी, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की गहू, जव, राय ही धान्यं कायमची बंद, औषध म्हणाल तर तेवढंच. घरात आम्ही चौघं: ही, मी, माझी आई आणि दहावीत गेलेली लेक. स्वयंपाकाचा भार हिच्यावर असायचा. तिच्या अंगात त्राण नव्हतं, म्हणून भाकरीचं खातं मी घेतलं. तोवर माझी मजल चहा आणि आम्लेट.

पाडवा, 30 मार्च

श्रीखंड आहे, पुरी नाही. राजगिऱ्याच्या पुऱ्या केल्या. वाटीभर पिठाला एक उकडलेला बटाटा किसून घातला, मीठ आणि गरज पडेल तेवढंच पाणी. बटाट्यानं पीठ धरून ठेवलं. लाटायच्या नाहीत, प्लास्टिकवर हातानं थापायच्या. फुगल्या निम्म्याच, पण संपल्या सगळ्या.

भाकरी, महिना पहिला

ज्वारीच्या माझ्या पहिल्या भाकरीकडे बघून आई म्हणाली, "ही भाकरी नाही रे, पाटी आहे. यावर लिहायचं."

दोन आठवडे रोज चार-चार पाट्या केल्या. कडा चिरतात, परातीतून उचलताना मधोमध फाटते, तव्यावर टाकली की फुगतच नाही. मग एक दिवस आईनं पिठाचा डबा उघडला, चिमूटभर पीठ तोंडात टाकलं आणि म्हणाली, "विरी गेलीय याची." विरी म्हणजे पिठाची धरून ठेवायची ताकद. पीठ होतं महिन्याचं. गव्हाच्या पिठाला ग्लूटेनचा चिकटपणा असतो, ते जुनं झालं तरी निभावतं. ज्वारीकडे ते नाही. तिची सगळी मदार ताज्या पिठावर, गरम पाण्यावर आणि मळण्यावर. उकळतं पाणी पडलं की पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तोच भाकरीला बांधतो.

तेव्हा सध्या माझी रीत अशी. वाटीभर पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी, चमच्यानं कालवून पाच मिनिटं झाकण. मग एका वेळी एकाच भाकरीचा गोळा घ्यायचा आणि तळहाताच्या टाचेनं रेटत मळायचा, परातीला चिकटायचा थांबेपर्यंत. हे मळणं मी आधी उरकत होतो, कडा चिरायचं कारण तेच. थापताना बोटं मध्ये नाही, कडेनं फिरवायची. परातीत भाकरी स्वतःभोवती गरगर फिरली पाहिजे. जिथे अडली तिथे खाली पीठ कमी पडलंय. तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाण्याचा हात. हे पाणी पूर्ण सुकायच्या आधी उलटायची. सुकू दिलं तर भेगा, आणि घाई केली तर तव्याला चिकटते. मग विस्तवावर.

एप्रिलच्या 19 तारखेला पहिल्यांदा पूर्ण टम्म फुगली. पापुद्रा उचलून आईनं आत मीठ-तेल लावलं आणि काही न बोलता खाल्ली. आमच्या घरात ही दाद समजतात.

गिरणी

विरीच्या प्रकरणातून दुसरंच कोडं निघालं. ताजं पीठ म्हणजे दर आठवड्याला दळण. आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत माझ्या आधी कुणाचे तरी दहा किलो गहू दळलेले असणारच. गिरणीवाला भला माणूस. म्हणाला, "साहेब, पहिलं किलोभर पीठ बाजूला काढून देतो." पण जात्यात, कापडी पिशवीत, हवेत सगळीकडे गव्हाचं पीठ. पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' लिहायचं तर आपल्याकडे नियमानं किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन लागतं. 20 मिलिग्रॅम म्हणजे नखावर राहील एवढंसं. गिरणीत ते कोण सांभाळणार?

शेवटी घरघंटी घेतली. गॅलरीत ठेवलीय, तिच्यात गव्हाचा दाणा पडू द्यायचा नाही. आठवड्याला दोन किलो ज्वारी, किलोभर तांदूळ, थोडी नाचणी. बाजरी सध्या बंद. आई म्हणते उन्हाळ्यात उष्ण पडते. लाकडी पोळपाट-लाटणं, जुना तवा आणि पिठाची चाळण माळ्यावर गेली. लेकीच्या डब्याच्या पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून येतात आणि कागदातून थेट तिच्या डब्यात जातात. ओट्याला त्यांचा स्पर्श नाही.

हिंगाची डबी

एवढं करूनही एप्रिलच्या सुरुवातीला हिचं पोट पुन्हा बिघडलं. भाकरी ज्वारीची, भात, वरण, दुधीची भाजी, काकडीची कोशिंबीर. यात गहू कुठून येणार? दोन दिवस मी फळीवरच्या एकेका डब्याची चौकशी करत होतो. सापडला तो फोडणीत. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात: खाद्य गोंद, गव्हाचे पीठ, हिंग.

अस्सल हिंग म्हणजे झाडाच्या मुळाचा वाळलेला चीक, बराचसा अफगाणिस्तानातून येणारा. तो इतका उग्र की नुसता वापरणं अवघड, म्हणून त्यात पीठ-गोंद घालून बांधतात. काहीजण तांदळाचं पीठ घालतात, काहीजण गव्हाचं. म्हणजे तीन महिने आम्ही पोळीला घराबाहेर काढून रोज वरणात गहू घालत होतो! हिंगामुळेच बिघडलं हे सिद्ध करायला माझ्याकडे प्रयोगशाळा नाही. पण डबी गेली आणि आठवड्यात ती सावरली. आता हिंगाचा खडा आणलाय. मुगाच्या दाण्याएवढा तुकडा गरम पाण्यात विरघळवायचा आणि ते पाणी दोन दिवस पुरवायचं. फोडणीत पाणी घालू नका, भाजी शिजताना वरून घाला. मी पहिल्या दिवशी फोडणीत घातलं होतं. भिंतीवर डाग आहेत.

त्याच झडतीत सातूचं पीठही गेलं. उन्हाळ्यात दुपारी ताकात सातू ही आमची वर्षांची सवय, पण ते भाजलेल्या गव्हाचं. त्याजागी नाचणीची आंबील: रात्री दोन चमचे पीठ ताकात भिजवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचं, गार झाल्यावर ताक, मीठ, जिरं, लसूण.

बाजारातलं

ऋतू मात्र पथ्यावर पडला. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात सकाळी फिरलं की कळतं, या दिवसांत जे येतं त्याला गव्हाची गरजच नसते. कैरी आली की आंबेडाळ, मेथांबा, पन्हं. ओले काजू शेकड्यानं मिळतात; भाव ऐकून मी पन्नासच घेतले, उसळ चौघांत मोजून वाढली. पांढरा कांदा थालीपिठात. भाजणी घरचीच, गहू वगळून: ज्वारी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धने, जिरे. गहू नसल्याचं कुणाला कळलंही नाही. फणसाची कुयरी कापायला घेण्याआधी हाताला आणि विळीला भरपूर तेल लावा, एवढाच सल्ला. मी विसरलो आणि चीक काढायला पुन्हा तेलच लागलं. येऊरच्या पाड्यांवरून उतरणाऱ्या बायका पानाच्या द्रोणात करवंदं विकतात. ती घरापर्यंत पोचत नाहीत.

सांदण

आईच्या माहेरचा, कोकणातला पदार्थ. तांदळाचा रवा आणि बरक्या फणसाचा नाहीतर आंब्याचा रस, वाफवलेला. केक बंद झाल्यापासून लेकीचा वाढदिवस डोक्यात होता, म्हणून हे शिकायला घेतलं.

पहिला घाणा वाया गेला. वाटीभर रवा, वाटीभर रस, अर्धी वाटी गूळ, चिमूट मीठ, वेलची, आणि लगेच इडलीपात्रात. वास सुरेख, दाताखाली वाळू. रवा भिजलाच नव्हता. दुसऱ्यांदा रवा आधी चमचाभर तुपावर नुसता गरम केला, त्यात रस आणि अर्धी वाटी नारळाचं दूध घालून दोन तास ठेवला. दोन तासांनी तो सगळं पिऊन घट्ट झाला, तेव्हा पुन्हा थोडं नारळाचं दूध घालून इडलीच्या पिठासारखं केलं. वीस मिनिटं वाफ. या वेळी जाळी पडली नाही, पडायची नसतेच, पण सुरी घातली की ओलसर, मऊ काप निघाला. हापूस लागत नाही, रायवळ किंवा पायरीचा रस जास्त छान लागतो असं माझं मत. (आईचं मत: सांदण फणसाचंच.)

एक धोक्याची सूचना. दुकानात सुटा इडली रवा घेऊ नका. तो तांदळाचाच असतो, पण शेजारच्या पोत्यात गव्हाचा रवा आणि दोन्हींत तेच एक माप. मी तांदूळ धुवून सावलीत वाळवतो आणि मिक्सरमधून भरड काढतो.

कुरडया

आईच्या कुरडया गव्हाच्या चिकाच्या. यंदा तिनं स्वतःच सांगितलं, तांदळाच्या घालू. तांदूळ तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं, मग वाटून त्याची उकड आणि गरम असतानाच सोऱ्यातून. चीक दाबताना माझा खांदा उतरला. मेच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर प्लास्टिक अंथरून दीडशे घातल्या. दुसऱ्याच संध्याकाळी धुळीचं वादळ आणि पाठोपाठ पाऊस. लेक आणि मी धावलो, तोवर निम्म्या भिजून पुन्हा चीक झाला होता. उरलेल्या घरात पंख्याखाली वाळवल्या.

26 मे

आज मुंबईत मान्सून आला, मे संपायच्या आत. आमच्याकडे सकाळपासून धो धो. संध्याकाळी तांदळाची उकड केली: आंबट ताकात पीठ कालवून, लसूण-मिरची-कढीपत्त्याच्या फोडणीवर घोटत, खड्याच्या हिंगाचं पाणी वरून. हिनं दोनदा घेतली. सोबत वाचलेल्यांपैकी दहा कुरडया तळल्या. चार फुलल्या, सहांचा तेलात चुरा झाला, तोही आम्ही उकडीवर घालून खाल्ला.

आईनं डबा बंद करता करता सांगितलं, "पुढच्या वर्षी होळी झाली की लगेच घालायच्या. आणि सोऱ्या तू दाबायचा."