चादर मॉडेल, नोंद 4: हेलकावा नेमका कुठल्या लूपचा?

सोलापुरी चादरीच्या मॉडेलमध्ये साठे दोनच: गोदामातला माल आणि मागावरचा माल, म्हणजे ऑर्डर सुटली पण घडी अजून हाती आली नाही असा. विक्री आठवड्याला 500, माल यायला सरासरी 4 आठवडे, गोदामाचं लक्ष्य 2000. (आकडे मॉडेलपुरते, सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत, विचारू नका.) मागावर सुरुवातीलाच 500 × 4 = 2000 चादरी भरा. तिथे शून्य राहिलं तर आलेख पहिल्याच आठवड्यापासून नाचतो आणि बोल लूपला (साठा बघून ऑर्डर, ऑर्डरीतून पुन्हा साठा, या फेऱ्याला) लागतो.

ऑर्डर = विक्री + गोदामाची तूट ÷ 2. विक्री एकदाच 600 केली. गोदाम पावणेचार आठवड्यांत 179 ने खाली गेलं, तेराव्या आठवड्यात लक्ष्याच्या 55 वर. हेलकाव्याचा आवर्तकाळ 19 आठवडे. विक्री सपाट असताना हे होतं, तेव्हा कारण आतलंच.

आता तुटीच्या पदाला 0/1 चा स्विच लावला. बंद केल्यावर हेलकावा गेला, पण गोदाम 400 ने खाली जाऊन तिथेच बसलं. म्हणजे लूप तोडून गुन्हेगार सापडला असं लगेच म्हणू नये. तूट भरणाराही तोच. भाजक 2 चा 16 केला, म्हणजे माल यायच्या 4 आठवड्यांच्या विलंबाच्या चौपट, तरी हेलकावा जातो. पण खड्डा 294 चा पडतो.

खरा उपाय दुसऱ्या लूपमध्ये निघाला. मागावरच्या मालाची तूटही ÷ 2 करून ऑर्डरीत मिळवली. खड्डा फक्त 100 चा, 2.8 आठवड्यांनी, आणि लक्ष्याच्या वर उसळी अजिबात नाही. ऑर्डर देताना आधीच मागावर चढलेला माल मोजलाच जात नव्हता, हेलकावा तिथूनच येत होता.

इथे एक खोड आहे. मागावरचं लक्ष्य विक्री × 4 असंच लिहा. 2000 हा आकडा ठोकून ठेवला तर गोदाम कायमचं 400 ने कमी राहतं, आणि आलेख इतका शांत दिसतो की चूक ध्यानातच येत नाही.

काळाची पायरी 0.25 आठवडा ठेवा. ऑयलर पद्धतीत (दर पायरीला सध्याचा वेग धरून पुढचा साठा काढायचा) पायरी 2 केली की पहिल्या मॉडेलचा हेलकावा कधीच विरत नाही. तो लूपचा नाही, आकडेमोडीचा.

पुढचं काम: मागावरचा साठा रंगाई, विणकाम, घडी असा तीन समान टप्प्यांत फोडणं. फक्त गोदामाची तूट भरणाऱ्या मॉडेलमध्ये एकाच टप्प्यात कितीही घाई केली, म्हणजे भाजक कितीही लहान केला, तरी हेलकावा विरतो. तीन टप्प्यांत भाजक 1.5 च्या खाली गेला की तो वाढतच जातो.