काट्यावरच्या माणसाने ग्रेड सांगू नये

रविवारी सकाळी सात ते आठ आम्ही गोव्यातल्या साखळीत एकाच्या माडीवर डोळे मिटून बसतो. सात-वीसच्या सुमाराला खालून पोदेर, म्हणजे पाववाला, जातो. घरच्या वहिनी फाटकाला पिशवी अडकवून आत सुटे पैसे ठेवतात, त्याने हाक मारू नये म्हणून. तो हाक मारत नाही, पण भोंगा वाजवतोच. एकदा वळणावर, एकदा फाटकाशी आणि तिसऱ्यांदा, मला वाटतं, निव्वळ हौसेने. त्या क्षणी माडीवरच्या नऊ-दहा जणांपैकी निदान सहा जणांच्या मनात गरम उंडो, त्याचा गोल पाव, येतो. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण आठ वाजता खाली चहाला बसलो की आम्ही ते कबूल करतो.

आज लिहायचंय ते त्या चहाबद्दल. ध्यानाबद्दल लिहिण्याइतका माझा अधिकार नाही.

मी लोखंडाच्या खाणीवर वजनकाट्याला होतो. टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, भरून आला की वजन घ्यायचं, रिकामा परतला की वजन घ्यायचं, वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची. सतरा वर्षं हेच केलं. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि आमच्या रस्त्यावरची लाल धूळ हळूहळू खाली बसली. घरच्यांना बरं वाटलं, कपडे स्वच्छ राहू लागले. माझी मात्र झोप गेली. मेव्हण्याच्या टिपरच्या कर्जाला मी जामीन होतो, एवढं सांगितलं म्हणजे बाकीचं आमच्या तालुक्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये थिवीहून रात्रीची गाडी पकडून मुंबई आणि तिथून इगतपुरी. विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर. फी नाही हे ऐकून गेलो, खोटं कशाला बोलू. पहाटे चारची घंटा, नऊ दिवस आर्य मौन, अकराला जेवण आणि संध्याकाळी पाचला चहाबरोबर मुरमुरे. माशाशिवाय दहा दिवस मी त्याआधी फक्त श्रावणात काढले होते, आणि तेही सलग नाहीत. ही शिबिरं सुरू करणाऱ्या सत्यनारायण गोयंकांचं निधन होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते, पण रोज संध्याकाळी पडद्यावर ते आम्हाला हसवत होते. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकौंटंट जनरल होते आणि आपल्या कचेरीतल्या माणसांनाच ध्यान शिकवत होते, हे मला तिथे कळलं. हिशेबातल्या माणसाने सुरू केलेलं काम म्हटल्यावर मला उगाचच घरचं वाटलं.

सहाव्या दिवशी मी बॅग भरली. सगळी भरली, चेनसुद्धा लावली. मग अंथरुणावर बसून राहिलो, कारण ऑफिसात जाऊन काय सांगायचं ते सुचेना. दुपारची घंटा झाली आणि सवयीने हॉलमध्ये गेलो. बॅग तशीच राहिली. पुढचे चार दिवस मी भरलेल्या बॅगेतून टॉवेल ओढून काढत होतो.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. जेवणाच्या रांगेत पुढे नाशिककडचा एक कांद्याचा व्यापारी होता. नऊ दिवस तो माझ्या पुढच्या आसनावर दगडासारखा बसायचा. त्याची पाठ बघून मला माझी लाज वाटायची. तो वळला आणि पहिलं वाक्य बोलला, ‘मी सहाव्या दिवशी बॅग भरली होती.’ त्याच्या पुढचा म्हणाला, ‘मी दुसऱ्या.’ रांगेत आम्ही चौघे होतो, तिघांच्या बॅगा भरून झाल्या होत्या. त्या हसण्याने माझ्या छातीवरून जे उतरलं, ते नऊ दिवसांच्या बसण्याने उतरलं नव्हतं. हे कुणा आचार्यांना आवडणार नाही, पण झालं ते असं.

घरी आलो. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, असं सांगितलेलं असतं. शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीच्या दिवसांपर्यंत, टिकलं. मग संध्याकाळचा तास गेला, मग सकाळचा अर्धा झाला, पावसाळ्यात तोही वाहून गेला. शिबिरात आठवड्याला एकदा इतरांबरोबर बसा असंही सांगतात. ते मी मनावर घेतलं नव्हतं. डोळे मिटूनच बसायचं तर चार जण कशाला?

साखळीच्या माडीवर मला ओढून नेलं ते सरकारी कदंब बसच्या निवृत्त कंडक्टरबाबांनी. तिथे एक मास्तर आहेत, मराठी प्राथमिकचे. घरच्या वहिनी आणि त्यांचे यजमान. एक नर्स आहे, तिला सगळे बाय म्हणतात. बाकी येऊन-जाऊन. मला सगळे ‘काटेकर’ म्हणतात. माझं आडनाव ते नाही.

परंपरेचा एक दंडक आहे: ध्यानात काय अनुभव आला ते एकमेकांत बोलू नये, आचार्यांना विचारावं. मला आधी तो सरकारी खाक्या वाटायचा. मग मी तो मोडला आणि त्यामागचं कारण मला कळलं.

तिसरं शिबिर करून आलो होतो. तिथे एका बैठकीत अंगभर बारीक धारा वाहावी तसं काहीतरी झालं. पंधरा-वीस मिनिटं असेल. परत आल्यावर चहाला मी ते रंगवून सांगितलं, हातवारे करून. बाय तेव्हा नवीन होती, एकच शिबिर झालेली. ती ऐकत होती. पुढच्या रविवारी ती आली, त्याच्या पुढच्याही, मग आली नाही. आम्हाला वाटलं, ड्युटी बदलली असेल. आठ महिन्यांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटली. मिरच्यांच्या ढिगापाशी उभी राहून म्हणाली, ‘काका, मला तुमच्यासारखं काहीच होईना. रोज बसायचे आणि वाट बघायचे. म्हटलं, हे आपल्यासाठी नाही.’

मी घरी येईपर्यंत बसमध्ये एकच विचार करत होतो. काटा माल किती ते सांगतो. माल कसा, म्हणजे त्याचा ग्रेड, लोखंड अठ्ठावन्न टक्क्यांच्या वर की खाली, ते काट्यावर कळत नाही. त्याचे नमुने लॅबमध्ये जातात. सतरा वर्षांत एकाही ड्रायव्हरला मी ‘आज ग्रेड बरा दिसतोय’ असं म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर त्याच दिवशी काट्यावरून उठवलं असतं. आणि इथे मी चहाच्या कपाबरोबर ग्रेड वाटत बसलो होतो.

बाय परत आली. मी काही समजावलं नाही. वहिनींनी तिला फोन करून सांगितलं, ‘रविवारी ये, उंडे जास्त घेतलेत.’

तेव्हापासून चहाला धारा नाही, प्रकाश नाही, ‘आज फार छान लागलं’ हेही नाही. मग बोलतो काय? गुडघ्यांबद्दल बोलतो. वेळेबद्दल. कंडक्टरबाबांनी एकतीस वर्षं बसमध्ये उभं राहून काढली, पायांच्या शिरा फुगलेल्या. मांडी घालून बसताना त्यांना घाम फुटायचा आणि खुर्ची मागायची लाज वाटायची. वर्षभर त्यांनी ते सोसलं, आम्हाला पत्ता नाही. एकदा वहिनींनीच विचारलं, ‘खुर्चीवर बसल्याने मन वर राहतं की काय?’ दुसऱ्या रविवारी दोन खुर्च्या आल्या. दुसरी लगेच मास्तरांनी धरली. म्हणजे त्यांचंही दुखत होतं.

वहिनी स्वतः घरी कोठीच्या खोलीत बसतात, उकड्या तांदळाच्या पिंपाशेजारी. देवघरात बसलं की सासूबाई काहीतरी विचारतात, बेडरूममध्ये फोन वाजतो. कोठीत कुणी शोधत नाही. ही युक्ती ऐकून आमच्यातल्या दोघींनी आपापल्या घरच्या कोठ्या साफ केल्या. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, पाच दिवसांत त्या दहाच मिनिटं बसतात आणि ते सांगताना त्यांचा आवाज खाली येत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण बहुतेकांचं बसणं मोडतं ते चवथीत नाही, चवथीनंतर मोडतं. पाच दिवस सुटले, आता कुठल्या तोंडाने बसू, म्हणून.

मास्तर बैठकीत घोरतात. पहिल्यांदा घोरले तेव्हा कुणी काही बोललं नाही. चहाला त्यांनीच विषय काढला, ‘आज मी वर्ग घेतला की वर्गात झोपलो?’ त्यावर बायने नर्सचा उपाय सांगितला: रात्रीपाळीनंतर ती बसतच नाही, आधी झोपते. ध्यानाला झोपेचा कोटा कापून द्यायचा नाही. मी आजवर ऐकलेल्या सगळ्या सल्ल्यांत मला हा सगळ्यात उपयोगी पडला.

माझी वही आहे. सवय जात नाही. तारीख, सकाळ किती मिनिटं, संध्याकाळ किती मिनिटं. पूर्वी चौथा रकाना होता, ‘कसं झालं’. त्यात मी ‘बरं’, ‘फार चंचल’, ‘उत्तम’ असं लिहायचो. मास्तरांनी ती वही एकदा चाळली आणि लाल पेनाने चौथ्या रकान्यावर उभी रेघ मारली, पोरांच्या वहीवर मारावी तशी. आता तीनच रकाने आहेत.

एकदा आम्ही चुकणारही होतो. एक तरुण मुलगा यायचा, दोन-तीन आठवडे त्याचा डोळ्याला डोळा लागत नव्हता, बोलणं भरकटत होतं. कुणीतरी म्हणालं, जास्त बस, सगळं निघून जाईल. बाय तिथल्या तिथे उठली. म्हणाली, ‘नाही. आधी डॉक्टर. शिबिराच्या अर्जातसुद्धा मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते काय जागा भरायला?’ तिने स्वतः त्याच्या भावाला फोन लावला. तो मुलगा आता बरा आहे, गोळ्या घेतो, बसायला येत नाही. त्याने यावं असं आम्हाला कुणाला वाटतही नाही. वाटेत भेटतो, हसतो, पुरे.

मास्तरांना एक गोष्ट आवडते. आनंदाने बुद्धांना म्हटलं, चांगला मित्र लाभणं म्हणजे अर्धी साधना. बुद्ध म्हणाले, असं म्हणू नकोस, ती सगळीच साधना आहे. मास्तर ही गोष्ट सांगून झाली की कंडक्टरबाब म्हणतात, ‘आपल्याकडे अर्धं तिकीटच धरूया.’ दर वेळी म्हणतात.

मला मात्र त्या माडीवर आठवतो तो आमच्या देवळातला भजनी सप्ताह. लहानपणी बाबांची पाळी रात्री दोन ते चार असायची आणि हट्ट करून मी बरोबर जायचो. त्या वेळी देवळात कुणाचा आवाज चांगला लागत नसे. गळे बसलेले, एक जण खांबाला टेकून डुलक्या काढतोय, पेटीवाल्याचे डोळे लाल. पण झांज थांबायची नाही. पहाटे चारला पुढचे लोक अंगावर चादर घेऊन येत, बाबांच्या हातातली झांज न थांबता दुसऱ्याच्या हातात जायची. कुणी विचारत नसे, तुमची पाळी कशी झाली.

आणि हो, ध्यान करणाऱ्याची झोप उडत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खाणी मधे सुरू झाल्या, मला पुन्हा बोलावलं, आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. त्या वेळीही माझी झोप उडाली. फरक एवढाच होता की रविवारी चहाला मी ते सांगितलं आणि वहिनींच्या यजमानांनी, जे सहसा बोलत नाहीत, विचारलं, ‘जामीन अजून आहे?’ म्हटलं, नाही. ‘मग एक उंडो आणखी घ्या.’

गेल्या रविवारी एक नवा माणूस आला. बार्जवर काम करायचा, पन्नाशीचा, नुकताच शिबिर करून आलेला. तासभर बसला, रेकॉर्डिंगमध्ये ‘भवतु सब्ब मंगलं’ झालं, आम्ही ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं, जिना उतरून खाली आलो. चहा हातात घेतल्याघेतल्या त्याने विचारलं, ‘तुम्ही इतकी वर्षं बसता. काय मिळतं?’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मुद्दाम. मी उंडो चहात बुडवला आणि तोंड भरून घेतलं.

बाय म्हणाली, ‘माझा डावा पाय दर वेळी झोपतो. सहा वर्षं झाली.’

त्याने खाली बघितलं. त्याचा उजवा पाय अजून बधिर होता. जिना त्याने कठड्याला धरून उतरला होता, ते आम्ही बघितलं होतं. ‘बस मरे,’ कंडक्टरबाबांनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

तिसरी खुर्ची आणायला हवी. वहिनींच्या यजमानांना सांगितलंय. फाटकाची कडी जरा अडकते, वर उचलून ढकलायची, आणि पोदेराची पिशवी पाडायची नाही.