नवसाची वाट: तंजावर ते वेलांकनी

ऑगस्ट संपत आला की तंजावरहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर भगव्या कपड्यांतल्या टोळ्या दिसू लागतात. गळ्यात जपमाळ, पुढे ढकलगाड्यावर दिव्यांच्या माळांत मेरीमातेची मूर्ती, भोंग्यावर तमिळ गाणी. सगळे निघालेले असतात तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वेलांकनीला, मातेच्या चर्चच्या यात्रेला. तिथे २९ ऑगस्टला झेंडा चढतो आणि ८ सप्टेंबरला, मातेच्या जन्मदिवशी, उतरतो.

पंढरीची वारी केलेली असल्याने मी निर्धास्त होतो. चालणं जमलंही. पण आपल्याकडे वारकऱ्याला ‘काय मागितलंस?’ असं विचारलं तर तो हसेल. इथे पहिला प्रश्न तोच. जो तो नवस फेडायला नाहीतर बोलायला निघालेला. आमच्या टोळीतल्या अक्का हिंदू, कपाळावर ठसठशीत कुंकू. सुनेला बऱ्याच वर्षांनी मूल झालं म्हणून चालत होत्या. त्यांचा मुलगा काही काळ धारावीत राहिलेला, त्यामुळे दुभाष्याची सोय झाली.

तिरुवारूर मागे पडलं की नागपट्टिनम जिल्हा लागतो. जमीन सपाट, भाताची खाचरं नजर पोचेल तिथवर. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटतं, पण कावेरीचं इथवर पोचतं ते उरलंसुरलं. अक्कांचं माहेर याच भागातलं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं जे गाऱ्हाणं आपल्या कालव्यांवर ऐकू येतं, तेच त्यांच्याकडून ऐकलं.

याच भातपट्ट्यात, आमच्या वाटेपासून फार लांब नाही, किळवेणमणी आहे. शेतमजुरांनी मजुरी वाढवून मागितली आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलितांना, त्यात बहुतेक बायका-मुलं, एका झोपडीत जाळून मारलं गेलं. आरोपी जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून सुटले. मी विषय काढला तेव्हा अक्कांनी नुसती मान हलवली आणि चालण्याचा वेग वाढवला.

नागपट्टिनमला टोळीने मुक्काम टाकला तेव्हा मी उत्तरेला नागोरला जाऊन आलो. सोळाव्या शतकातले सूफी संत शाहुल हमीद यांचा हा दर्गा. पाच मनोऱ्यांपैकी सर्वांत उंच, १३१ फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधून दिलेला. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांचा हा नातू. मुलासाठी बोललेल्या नवसाची ती फेड, असं तिथे सांगतात. मराठी माणसाने तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय आणि मोठ्या देवळातला भोसल्यांचा शिलालेख बघून परत फिरू नये. हा मनोराही बघावा.

वेलांकनीचं चर्चही असंच उभं राहिलं, अशी कथा आहे. सतराव्या शतकात वादळात सापडलेल्या पोर्तुगीज खलाशांनी किनारा गाठून दिलास तर चर्च बांधू, असं मातेला सांगितलं. ते टेकले तो दिवस ८ सप्टेंबर. त्यांनी नंतर आणलेल्या चिनी मातीच्या बशा आजही वेदीपाशी बसवलेल्या आहेत. १९६२ साली या चर्चला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला.

ऐकताना मला अवघड झालं ते त्सुनामीच्या गोष्टीने. २६ डिसेंबर २००४, नाताळचा दुसरा दिवस, त्यात रविवार. किनारा यात्रेकरूंनी भरलेला. जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली, तमिळनाडूत सर्वाधिक. पाणी चर्चच्या पायऱ्यांशी थांबलं, हे लोक चमत्कार म्हणून सांगतात. पण खाली वाळूत होते त्यांनी कमी का विनवलं असेल? टोळीतल्या एका कोळ्याला हे विचारलं. त्याने खिशातून चांदीच्या पत्र्याची होडी काढून दाखवली. मातेला वाहायला आणलेली. लाटेत घरचं कोण गेलं ते त्याने सांगितलं, आणि वर म्हणाला, समुद्रात तर रोज जावंच लागतं.

चर्चपासून जुन्या तळ्याकडे वाळूची पायवाट आहे. तिथे लोक गुडघ्यांवर चालतात. मी बाजूने पायीच गेलो. सूनबाई बाळाला घेऊन बसने आली होती. जावळ निघालं, नारळाचं रोप वाहून झालं, मग अक्का माझ्याकडे वळल्या. “तंबी, तुझा नवस?”

काही नाही म्हटल्यावर त्यांना पटेना. इतकं चालून फुकट? त्यांनी एक मेणबत्ती माझ्या हातात कोंबली आणि मुलाकरवी बजावलं, स्वतःसाठी मागायचं नसेल तर माझ्या भावाच्या शेतासाठी माग, यंदा टेलपर्यंत पाणी पोचू दे.

मी मागितलं.