मळीच्या टाकीत वायरलेस रिमोट: माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी मेंटेनन्सचं काम बघतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की आमची धावपळ सुरू होते. टाक्या, पाइपलाइन, इव्हॅपोरेटरच्या बॉड्या, सगळी दुरुस्ती पुढच्या हंगामाच्या आत उरकायची असते, आणि ती नेमकी ४३ अंशांच्या उन्हात.

गेल्या उन्हाळ्यात मळीच्या टाकीचं काम आलं. टाकी रिकामी करून धुतलेली, गॅस तपासलेला, मॅनहोलवर ब्लोअर लावलेला. आत परांचीवर आमचे सगळ्यात जुने वेल्डर, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. वेल्डिंग मशीन अर्थातच बाहेर, ४० मीटर केबलवर. आडव्या जोडाला चालणारा करंट उभ्या जोडाला चालत नाही, कमी करावा लागतो. ब्लोअरच्या आवाजात आतली हाक बाहेर ऐकू येत नाही आणि दर वेळी टाकीतून उतरून मशीनपर्यंत येणं मामांच्या वयाला झेपणारं नाही. करंट दुरून बदलायला वायरचा रिमोट होता, पण ठिणग्यांनी आणि प्लेटच्या धारेने त्याची वायर आठवड्यात दोनदा तुटली. मग व्हायचं तेच झालं. एकाच करंटवर सगळं ओढलं गेलं, उभ्या जोडाला अंडरकट (जोडाच्या कडेला पडणारी खाच) आला आणि इन्स्पेक्टरने तेवढा भाग घासून परत करायला लावला. मालकांना मी म्हणालो, वायरलेस रिमोट घेऊन बघू.

शॉपमध्ये तो पहिल्या दिवशीच झकास चालला. ५० मीटरवरून करंट वर-खाली होत होता. कारखान्यावर मामा टाकीत उतरले आणि रिमोट मुका झाला.

माझा पहिला संशय आर्कवर गेला. एवढी ठिणगी पडते तिथे रेडिओ कसा टिकेल, असंच कुणालाही वाटेल. म्हणून सगळी मशीनं बंद करून तपासलं, तरी सिग्नल नाही. आर्कच्या गोंगाटाचा जोर खालच्या फ्रिक्वेन्सींवर असतो, आमचा रिमोट चालतो त्या २.४ गिगाहर्ट्झपर्यंत तो बराच विरतो. आमचा शत्रू टाकीचा पत्रा होता. चारही बाजूंनी लोखंड, बाहेर पडायला वाट एकच, ६० सेंटिमीटरचं मॅनहोल. त्यात रिसीव्हर मशीनच्या पाठीमागे, पत्र्याला चिकटवलेला.

मी स्वतः आत उतरलो आणि रिमोट हातात धरून फिरलो. एका जागी दिवा लाल, हात पाच-सहा सेंटिमीटर सरकवला की हिरवा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते. पत्र्यावर आपटून परतलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारतात, काही ठिकाणी जोर देतात. म्हणून रिमोट बिघडलाय म्हणून फेकण्याआधी हात जरा हलवून बघावा.

अँटेना मॅनहोलशी आणायची ठरली. लांब अँटेना केबल टाकायचा मोह झाला, पण साध्या पातळ केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला दर मीटरला जवळजवळ एक डेसिबल जातो. १० मीटरमध्ये सिग्नलचा दहावा हिस्सा उरतो. म्हणून अख्खा रिसीव्हरच प्लॅस्टिकच्या डब्यात घालून मॅनहोलच्या तोंडाशी बांधला आणि तिथून मशीनपर्यंत फक्त करंटचा आकडा आरएस-४८५ (तारेवरून आकडे पाठवायची पद्धत) च्या शील्डेड वायरने नेला. ती वायर टाकीच्या बाहेरून जाते, तिथे ठिणगी पडत नाही. कारखान्याच्या कॅमेऱ्यांचा वायफाय १, ६ आणि ११ या चॅनेलवर होता, म्हणून रिमोट त्याच्या स्वतःच्या मोजणीतल्या २५ व्या चॅनेलवर, वायफायच्या पलीकडे टाकला. तो प्रश्न तिथेच मिटला.

दुसरा घोळ टिग मशीनने (टंगस्टनच्या टोकाने वेल्डिंग करणाऱ्या) घातला. शेजारच्या स्टेनलेस पाइपवर हाय फ्रिक्वेन्सीने आर्क पेटवला की आमचा रिसीव्हर रीसेट व्हायचा. हा त्रास हवेतून येत नव्हता, तारांतून येत होता. माझी शील्डेड वायर टिगच्या केबलला लागून दहा मीटर समांतर धावत होती. ती टिगच्या केबलपासून फूटभर दूर नेली, जिथे ओलांडायची तिथे काटकोनात ओलांडली, दोन्ही टोकांना फेराइट (तारेतला असला गोंगाट अडवणाऱ्या कड्या) बसवले आणि रिसीव्हरचा सप्लाय वेगळा घेतला. टिगचा अर्थिंग क्लॅम्पही जोडाच्या जवळ आणला, नाहीतर करंट परतताना अख्ख्या स्ट्रक्चरमधून हिंडतो. त्यानंतर एकदाही रीसेट झाला नाही.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसलो. तिसऱ्या दिवशी मामा ९५ अँपिअरवर रूट, म्हणजे जोडाचा पहिला तळाचा थर, मारत होते. ते वळले, रिमोट त्यांच्या अंगाआड गेला, सिग्नल तुटला आणि मशीनने स्वतःच्या पॅनेलवरचा आकडा उचलला. तो होता १८०. प्लेटला भोक पडलं. मामा बाहेर आले, घाम पुसत शांतपणे म्हणाले, "साहेब, करंट आपोआप वर जायलाय. मला सांगून गेला असता तर चाललं असतं." त्यांना काही इजा झाली नाही, पण माझे हातपाय गळाले. बंद टाकीत, परांचीवर उभ्या माणसाच्या हातातला करंट त्याला न विचारता जवळजवळ दुप्पट व्हावा, हे मला आजही सहन होत नाही.

माहितीपत्रकात रेंज होती, बॅटरी किती तास चालते ते होतं. सिग्नल तुटल्यावर मशीन काय करेल, याबद्दल एक ओळही नव्हती. बनवणाऱ्यांशी आठवडाभर फोनवर भांडलो, तेव्हा त्यांनी प्रोग्राम बदलून दिला. आता आर्क चालू असताना सिग्नल गेला तर शेवटचा आकडा टिकतो, वर जात नाही. आर्क तुटला आणि सिग्नल नसेल तर आउटपुट बंद. प्रत्येक रिमोट एकाच मशीनशी जोडलेला, त्याचा नंबर दोन्हींवर रंगाने लिहिलेला, म्हणजे एकाचा करंट दुसऱ्याच्या हातून फिरत नाही. आणि आणीबाणीचं बंद करणं मी रिमोटवर सोडलंच नाही. मॅनहोलवर एक माणूस कायम बसतो, मेन स्विच त्याच्या हाताशी असतो.

पॅनेलचा नॉबही आता आम्ही कामाला लागण्याआधी सगळ्यात खाली आणून ठेवतो, प्रोग्राम कितीही चांगला असो.

उन्हाचं एक राहिलं. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि दुपारी पत्र्यावर ठेवलेला रिमोट त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे चार्जिंग रात्री, ऑफिसात. दोन रिमोट आलटून पालटून वापरतो. आयपी ६५ चा, म्हणजे आत धूळ न शिरू देणारा, डबा घेतला, कारण ग्राइंडिंगची धूळ लोखंडाची असते, सर्किटवर बसली की वीज वाहते.

टाकी जूनमध्ये पाण्याने भरून तपासली. मामांचे उभे जोड कुठेही पाझरले नाहीत. आता पुढच्या कामाला दुसरी टाकी आहे, मॅनहोल वरच्या बाजूला. रिसीव्हर कुठे बांधायचा ते बघायला परवा मामांना घेऊनच जाणार आहे.